आभारप्रदर्शनानंतरची ओळ

आमच्या सभेच्या घटनेत एकतीस कलमे आहेत आणि त्यांतले पाळले जाते ते एकच. कलम चौदा : ‘आभारप्रदर्शन झाल्यानंतर कोणीही, कोणत्याही कारणाने, व्यासपीठावरून काहीही बोलणार नाही.’ हे कलम १९८७ साली आले. त्या वर्षी आभार मानून झाल्यावर एका निवृत्त न्यायाधीशांना आपल्या भाषणातला एक मुद्दा राहून गेल्याचे आठवले आणि तो त्यांनी पन्नास मिनिटे मांडला. तोवर चहा निवला, भजी मऊ पडली, आणि पुढच्याच बैठकीत कलम एकमताने मंजूर झाले. ‘मूसीकाठ मराठी ज्ञानसभा’ हिच्या अडुसष्ट वर्षांच्या इतिहासात एकमताने झालेली ती एकमेव गोष्ट होय. ज्ञानाविषयी मतभेद झाल्याची मात्र नोंद नाही. तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर कधी आलेलाच नाही.

माझा शब्दकोश ह्या कलमाच्या चाकाखाली आला. तो ढकलण्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकतो.

तेहेतीस वर्षे मी ह्या शहरात मराठी शिकवली. मी निवृत्त झालो त्याच वर्षी आमचा विभागही निवृत्त करण्यात आला. त्या खोलीत आता उत्तरपत्रिकांची पोती ठेवतात, आणि पोती रजा मागत नाहीत म्हणून प्रशासन समाधानी आहे. ह्या काळात मी एक कोश रचला : हैदराबादच्या मराठीने शेजारच्या तेलुगूकडून आणि रस्त्यावरच्या दखनीकडून घेतलेले आणि परत न केलेले अकरा हजार चारशे शब्द. पुण्याच्या एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवताना लिहिले, ‘असे शब्द मराठीत नाहीत.’ ते मराठीत आहेत एवढेच सिद्ध करायला मी अकराशे पाने लिहिली होती. त्यांनी पहिले वाचले असते तरी भागले असते.

त्यांतले नऊशेहून अधिक शब्द एकट्या इंदुमतीबाईंचे. बाई नल्लकुंट्यात राहतात. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याऐंशी. १९९४ पासून दर गुरुवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसत असे आणि त्या फोडणी देता देता शब्द देत. त्यांची अट एकच होती.

“काय लिहिलंस ते मला दाखवायचं. मी तपासल्याशिवाय ते खरं नाही.”

“छापलं की दाखवतो, बाई.”

असे मी तीस वर्षे म्हणत आलो. गेल्या वर्षी बाईंचा डावा डोळा गेला. उजव्याला भिंग लागते, आणि डॉक्टरांनी त्याला दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. तेव्हा कोश ह्या वर्षी निघणे आवश्यक होते, आणि ते माझ्या कीर्तीसाठी नव्हते. तिची सोय प्रकाशकांनी लावलीच होती.

अशा वेळी मेधा आली. मेधा ही माझ्या चुलतभावाची मुलगी. पुण्याची, नोकरीनिमित्त कुकटपल्लीला एकोणिसाव्या मजल्यावर राहते. मराठी ती वाचते, पण जोडाक्षर आले की गतिरोधक आल्यासारखी थांबते. तिने वहीचे एक पान उलटले, ‘हौला’ ह्या नोंदीवर हसली आणि म्हणाली, “काका, हे पुस्तक काढूच नका. वेबसाइट करू. शब्द टाइप केला की अर्थ समोर. मी देते करून.”

संगणकावर माझा विश्वास नव्हता. पण प्रकाशकांवर तो त्याहून कमी होता.

जागा सभेने दिली, म्हणजे संकेतस्थळ, लॅपटॉप, आणि उद्घाटनासाठी बरकतपुऱ्याच्या मागच्या गल्लीतले सभागृह. दिली ती अध्यक्ष मुकुंदरावांनी. मुकुंदराव सचिवालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झाले, परंतु ही बातमी त्यांच्यापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही. त्यांनी मेधाला समोर बसवून आपली अपेक्षा सांगितली : कोणीही कोणताही शब्द शोधला, तर आधी अध्यक्षांचे छायाचित्रासह मनोगत दिसावे, मग शब्दाचा अर्थ, आणि शेवटी आभारप्रदर्शन, त्रेचाळीस नावांसह.

“प्रत्येक शब्दाला?” मेधाने विचारले.

“प्रत्येक. ग्रंथालयाच्या यादीला, सभासदांच्या यादीला, कार्यक्रमांच्या पानाला, सगळीकडे. असं बघ बेटा, माणूस शब्द शोधायला येतो आणि सापडला की निघून जातो. मनोगत आधी गाठलं पाहिजे त्याला.”

“आणि मनोगत बदललं तर?”

“दर पंधरवड्याला बदलेल,” मुकुंदराव म्हणाले. धमकी आणि आश्वासन ह्यांतला फरक त्यांना सचिवालयातही कधी करावा लागला नव्हता.

मी बाहेर येताच मेधाला म्हणालो, की माझ्या अकरा हजार चारशे अर्थांवर ह्या गृहस्थाचे तोंड बसणार असेल तर मी कोश मूसीत सोडतो.

“काका, चिडू नका. ॲक्च्युअली सिम्पल आहे. डेकोरेटर लावू.”

“मंडपवाला?”

“नाही हो. शनिवारी सकाळी येते. पोहे करा.”

शनिवारी तिने माझ्या जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला आणि मला फंक्शन म्हणजे काय ते सांगितले. फंक्शन म्हणजे नाव दिलेले एक काम. आत काहीतरी घालायचे, बाहेर काहीतरी येते. आमच्या कामाचे नाव तिने ‘नोंद’ ठेवले होते : आत शब्द जातो, बाहेर त्याचा अर्थ, उदाहरण आणि तो कोणाकडून मिळाला त्या व्यक्तीचे नाव येते.

“येतं म्हणजे कोण आणतं?”

“ही ओळ. रिटर्न. काम आत कितीही करा, रिटर्न नाही लिहिलं तर बाहेर काहीच येत नाही.”

“आमच्या विद्यापीठातल्या संशोधनासारखं.”

“असेल,” ती पोहे खात म्हणाली. “आता गंमत बघा. फंक्शन हीसुद्धा एक वस्तू आहे. ती उचलून दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येते. डेकोरेटर म्हणजे असं फंक्शन, की ज्याला तुम्ही एक फंक्शन देता आणि ते तुम्हाला एक फंक्शन परत देतं.”

“तेच?”

“तेच नाही. तुमच्या सभेत पाहुणा येतो ना? तुम्ही त्याला आत नेता, शाल घालता, नारळ देता, मग तो बोलतो, मग कोणीतरी आभार मानतं. पाहुणा बदलला का? नाही. त्याचं भाषण बदललं का? नाही. त्याच्या आधी आणि नंतर काहीतरी चिकटलं, इतकंच. आणि हे सगळं शालवाल्याने केलं, पाहुण्याला कष्ट नाहीत.”

मी विचारले, की पाहुणा कोण आहे हे शालवाल्याला ठाऊक असावे लागते का.

“अजिबात नाही. तीच तर ब्यूटी आहे! आत कोणी का असेना.”

सभेचे इतके नेमके वर्णन अडुसष्ट वर्षांत कोणी केले नव्हते, आणि हिला ते करायला पोह्यांची एक बशी पुरली. मला कळावे म्हणून तिने नावे मराठीतच ठेवली होती. संगणकाला त्याचे काही वाटत नाही. प्रकाशकांपेक्षा तो उदार आहे. पडद्यावर हे होते :

def मनोगत(मूळ):
    def वेष्टन(शब्द):
        दाखव(अध्यक्षांचे_मनोगत)
        उत्तर = मूळ(शब्द)
        दाखव(आभारप्रदर्शन)
        return उत्तर
    return वेष्टन

“वाचा,” ती म्हणाली. मी वाचले. ‘मनोगत’ नावाचा हा डेकोरेटर एक मूळ काम हातात घेतो. त्याच्याभोवती ‘वेष्टन’ तयार करतो. वेष्टन आधी मुकुंदरावांना दाखवते, मग मूळ कामाला शब्द देऊन त्याचे उत्तर काढून हातात धरते, मग आभार दाखवते, आणि शेवटी हातातले उत्तर बाहेर देते. सगळ्यात खालची ओळ हे तयार वेष्टन मागणाऱ्याच्या स्वाधीन करते.

“आणि हे माझ्या नोंदीवर चढवायचं कसं?”

तिने ‘नोंद’च्या डोक्यावर एकच ओळ लिहिली : @मनोगत. “झालं. ग्रंथालयाच्या डोक्यावर हीच, सभासदांच्या डोक्यावर हीच. मनोगत बदललं की एका जागी बदलायचं. तुमच्या नोंदीच्या आत मी एका अक्षराला हात लावलेला नाही.”

“आणि उद्या मुकुंदराव गेले तर?”

“काका!”

“अध्यक्षपदावरून म्हणतोय.”

“मग ह्या ओळीच्या आधी हे.” तिने ओळीच्या आरंभी # असे चिन्ह ठेवले. “ह्याच्या पुढचं संगणक वाचत नाही. शाल उतरली. आतला माणूस जसाच्या तसा.”

मी तिला ती खूण काढायला लावली, कारण ती पाहून मला जो आनंद झाला तो माझ्या वयाला शोभणारा नव्हता.

आणखी एक दोष तिनेच दाखवला. वेष्टन चढल्यावर आतल्या कामाला नाव विचारले, तर ते ‘नोंद’ न सांगता ‘वेष्टन’ सांगते. म्हणजे ज्याने शाल घातली त्याचे नाव पाहुण्याला लागते. त्यावर उपाय म्हणून एक तयार ओळ मिळते, ती वेष्टनाच्या डोक्यावर ठेवली की आतल्याचे नाव शाबूत राहते. प्रस्तावनाकारांसाठी अशी ओळ कोणी तयार केल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुढच्या आठवड्यात मेधाला ऑफिसने तीन आठवड्यांसाठी ॲम्स्टरडॅमला पाठवले. लॅपटॉप चालू स्थितीत सभेकडे सोपवून ती गेली. सगळे नीट चालत होते, आणि जे नीट चालते त्याला मंजुरी घेतलेली नसते.

मुकुंदरावांनी ‘तो प्रोग्राम’ फाइलवर मागितला. कार्यवाह पुष्कर ह्याने दिलसुखनगरला सहा आठवड्यांचा संगणकाचा वर्ग केला होता, तो पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे, आणि वर्गाविषयी त्याच्याकडे तेवढेच आहे. त्याने ते पान छापून कार्यकारिणीपुढे ठेवले. शब्द मराठी असल्यामुळे मुकुंदरावांना ते वाचता आले. मेधाने माझ्यावर केलेली कृपा अशी फळाला आली.

“पुष्कर, इथे काय आहे हे?” त्यांनी हिरव्या शाईचे पेन टेकवले. “‘आभारप्रदर्शन’. ठीक. त्याच्याखाली आणखी एक ओळ आहे.”

“हो साहेब. रिटर्न उत्तर.”

“आभारप्रदर्शनानंतर उत्तर? कोण देणार? कोणाला?”

“साहेब, ते प्रोग्रामिंगमध्ये…”

“कलम चौदा प्रोग्रामिंगला लागू नाही असं घटनेत कुठं लिहिलंय?”

कुठेही लिहिलेले नव्हते. १९८७ साली त्याची गरज वाटली नव्हती.

“आणि तिच्याखालची ही?” मुकुंदरावांनी विचारले. “‘रिटर्न वेष्टन’?”

पुष्करने पान डोळ्यांजवळ नेले. “ती साहेब समासाच्या जवळ आहे. म्हणजे ती ‘वेष्टन’च्या बाहेर आली. ती सभागृहाबाहेरची ओळ.”

“बाहेर कोणी काय बोलावं ह्यावर सभेचं नियंत्रण नाही,” मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी वरची ओळ खोडली. खाली तारीख घातली. मग ते पान संबंधित लेखक म्हणून माझ्याकडे सहीला आले.

ती ओळ खोडल्यावर काय होणार हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होते. वेष्टन मूळ कामाकडून अर्थ आणील, हातात धरील, आभार दाखवील, आणि हात झटकून निघून जाईल. बाहेर येईल ते ‘काहीच नाही’. अर्थाच्या चौकटीत चार रोमन अक्षरे दिसतील : None.

माझ्या डोळ्यांपुढे भरलेले सभागृह होते, मोठा पडदा होता, मुकुंदरावांचा हसरा चेहरा होता, आणि त्याच्याखाली जाहीर झालेली त्यांच्या कारकिर्दीची फलश्रुती होती. तेहेतीस वर्षांत मी ह्या माणसांच्या तीनशे प्रास्ताविकांना बसलो होतो. एकदा माझ्या व्याख्यानाला प्रास्ताविकाने चाळीस मिनिटे आणि मला बारा मिनिटे मिळाली होती, आणि नंतर मुकुंदरावांनी ‘वेळेचे भान राखल्याबद्दल’ माझे आभार मानले होते. मी खिशातून पेन काढले आणि सही केली. नीट, पूर्ण नावाची.

पुष्करने संगणकावर ओळ पुसली आणि चाचणीही घेतली. मनोगत दिसते का? दिसते. आभार दिसतात का? दिसतात. चाचणी यशस्वी.

उद्घाटन रविवारी सकाळी साडेदहाला होते. म्हणजे सव्वाअकराला दीपप्रज्वलन झाले. सभागृह भरले होते. इंदुमतीबाईंना पुतण्याने पहिल्या रांगेत आणून बसवले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत भिंग. मी शेजारी बसलो.

“किती वाजता दाखवणार?” त्यांनी विचारले.

“आधी स्वागतगीत आहे, बाई.”

“मग?”

“मग प्रास्ताविक. मग परिचय. मग सत्कार.”

“सगळं झाल्यावर मला उठव.” त्यांनी डोळा मिटला. मला वाटते, तो त्या वाचवत होत्या.

मला शाल मिळाली. पाहुण्यांना शाल मिळाली. पुष्करला मिळाली. मेधाला अनुपस्थितीत मिळाली, ती तिच्या वतीने पुष्करने घेतली. मग मुकुंदराव बोलले. शब्द हे संस्कृतीचे धन आहे, असे त्यांनी सुमारे अडीच हजार शब्दांत सिद्ध केले. शेवटी ते पहिल्या रांगेकडे वळले. “पहिला शब्द आपण आपल्या ज्येष्ठ सभासद इंदुमतीबाईंकडून घेऊ. बाई, सांगा.”

बाई जाग्याच होत्या. “हौला,” त्या म्हणाल्या. “पहिल्या गुरुवारी दिला होता.” आणि त्यांनी पिशवीतून भिंग काढले.

मी फजितीची तयारी आठवडाभर केली होती. त्या फजितीच्या पहिल्या रांगेत कोण बसणार आहे, हा तपशील माझ्याकडून राहिला होता.

पुष्करने शब्द टाइप केला. पडद्यावर मुकुंदराव अवतरले, पाच फूट उंच, सहास्य. त्यांच्याखाली मनोगत. तळाशी आभार, त्रेचाळीस नावे. मध्ये चौकट : ‘अर्थ : None’.

मी मुकुंदरावांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्या वाढत गेल्या. मागून कोणीतरी ‘वाहवा’ म्हणाले. ज्यांची नावे आभारात होती ते ती बोटाने दाखवत होते. आमच्या मागच्या रांगेतल्या भगवंतरावांनी शेजाऱ्याला समजावले, “बरोबर आहे. हौल्याकडे काय असतं? काही नाही. नेमकं लिहिलंय प्रोफेसरांनी.” मुकुंदराव ध्वनिक्षेपकात म्हणाले, “पाहा, किती सुटसुटीत!” आणि पुष्करने लगेच तोंडी आभारही मानून टाकले, कारण चहा आला होता.

अर्थ नव्हता हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आले असेल त्याला ते चुकीचे वाटले नव्हते.

“नरहर,” बाईंनी भिंग खाली घेतले. “मुकुंदा दिसला. आभार दिसले. माझा शब्द कुठाय?”

मी त्यांच्या खुर्चीजवळ वाकलो. “बाई, त्यात एक ओळ होती. ती खोडली गेली.”

“कोणी खोडली?”

“मुकुंदरावांनी.”

“तुला ठाऊक होतं?”

खोटे बोलायला वाव होता. परंतु त्यांनी आयुष्यभर मुलांची गणिते तपासली होती.

“हो. कागद माझ्याकडे आला होता. मी सही केली.”

“कायकू रे?”

“मुकुंदरावांची फजिती व्हावी म्हणून.”

“झाली?”

“नाही. टाळ्या पडल्या.”

“तीस वर्षं मी सबर केली,” त्या म्हणाल्या, “ती तुझी आणि मुकुंदाची कुस्ती बघायला? नक्को मला ते. जा, नीट कर. मी बसलेय.”

मी व्यासपीठावर चढलो. मुकुंदरावांनी हात आडवा केला. त्यांच्या दुसऱ्या हातात पाहुण्यांचा उरलेला नारळ होता.

“प्रोफेसर, आभार झालेत. कलम चौदा.”

“मी बोलणार नाही,” मी म्हणालो. “लिहिणार आहे.”

त्यांनी पुष्करकडे पाहिले. पुष्कर घटनेची प्रत शोधू लागला. मी लॅपटॉपसमोर बसलो आणि फाइल उघडली. मागच्या पडद्यावर मेधाच्या ओळी वीतभर अक्षरांत उमटल्या. फाइल साठवली की पान आपोआप नवे होते, अशी सोय तिने करून ठेवली होती. मला फक्त आभारप्रदर्शनाखाली ‘return उत्तर’ लिहायचे होते.

लिहिले, आणि पडदा लाल झाला. ती ओळ समासापासून आठ मोकळ्या जागा सोडून लिहावी लागते; मी सात सोडल्या होत्या. पुन्हा केले, तर नऊ झाल्या. दीडशे माणसे पाठीमागे चहा पीत बघत होती, आणि मी, ज्याने अकरा हजार चारशे शब्द मोजले होते, तो आठ रिकाम्या जागा मोजू शकत नव्हतो.

“काय करताय, प्रोफेसर?” मुकुंदराव कानाशी कुजबुजले. “चांगलं चाललं होतं!”

मी माझी ओळ पुसून टाकली, खाली सरकलो आणि @मनोगत ह्या ओळीच्या आरंभी # ही एक खूण ठेवली. हे मी तत्त्वासाठी केले असे सभेत नंतर बोलले गेले. ते खरे नाही. त्या खुणेला जागा मोजाव्या लागत नाहीत.

पडद्यावरून मुकुंदराव गेले. त्रेचाळीस नावे गेली. पांढऱ्या पानावर एवढेच राहिले : ‘हौला : वि. मूर्ख, वेडसर, ज्याला काही कळत नाही असा. उदा. अगदीच हौला आहे तो. — इंदुमतीबाई, नल्लकुंटा, १९९४.’

कोणी टाळी वाजवली नाही. टाळी कुठे वाजवायची, हे सांगणारे आता पडद्यावर कोणी नव्हते.

बाई पुतण्याच्या हाताला धरून उठल्या, पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि भिंग लावून एकेक अक्षर वाचू लागल्या. अक्षरे एवढी मोठी होती की भिंगात एका वेळी अर्धेच मावत असेल. त्यांनी आपल्या नावापर्यंत वाचले, मागे फिरल्या, पुन्हा आरंभापासून वाचले.

“चूक आहे,” त्या म्हणाल्या.

“बाई?”

“अर्थ चूक आहे. तीस वर्षं चुकीचा घेऊन बसलायस? ज्याला काही कळत नाही तो येडा. त्याला हौला कोण म्हणतं? हौला म्हणजे ज्याला सगळं कळतं, पण नको तिथं डोकं लावतो आणि हातचं घालवतो, तो. लिही.”

भगवंतराव मागून म्हणाले, “बाई, ‘काही नाही’ हेच बरं होतं.”

“तू चूप रे, भगवंता. तू पण माझ्या वर्गात नापास होणार होतास.”

मुकुंदराव पुढे झाले. “बाई, दुरुस्तीचा प्रस्ताव रीतसर कार्यकारिणीपुढे आला, की…”

“मुकुंदा, माझा डोळा दिवाळीपर्यंत आहे. तुझी कार्यकारिणी कधी बसते?”

कार्यकारिणी दिवाळीनंतर बसते. मुकुंदरावांनी नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला.

मी नोंदीची फाइल उघडली. बाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. एक शब्द त्यांनी दोनदा बदलायला लावला. सभागृहातले अर्धे लोक कप घेऊन पडद्याजवळ आले होते आणि आपल्या घरी हा शब्द कोणाला लावत ह्यावर आपसांत भांडत होते. ज्ञानाविषयीचा सभेतला तो पहिला मतभेद असावा.

“उदाहरण पण बदल,” बाई म्हणाल्या. “ते फिक्कं आहे. हे घाल : ‘ओळ खोडलेली दिसली तरी नरहरने सही केली, शिकलेला हौला.’”

मी थांबलो.

“लिही, लिही. मी वाचतेय.”

मी लिहिले आणि फाइल साठवली. बाईंनी भिंग लावून ते शेवटपर्यंत वाचले, खाली आपले नाव आहे ना ते पाहिले, आणि पिशवीतून लाल पेन काढून, पडद्यावर लिहिता येत नाही म्हणून, माझ्या हाताच्या पाठीवर एक बरोबरची खूण केली.

“आता दुसरा शब्द,” त्या म्हणाल्या. “नऊशे आहेत. चहा सांग.”